रंगाच्या डब्यातली रवी

दिवाळी जवळ आली की घरोघर भिंतींना रंग लागतो. रंगारी डब्याचे झाकण काढतो, हातातल्या ड्रिल यंत्राच्या तोंडात पाती लावलेली एक सळई बसवतो, ती रंगात बुडवतो आणि कळ दाबतो. पाहता पाहता तळाला बसलेला रंग वर येऊन एकजीव होतो. पोरेसोरे गंमत म्हणून भोवती उभी राहतात. या गंमतीमागे मात्र कष्टांचा, आणि काही अंशी मरणाचाही, इतिहास आहे.

फिरवून घुसळणे आणि फिरवून भोक पाडणे या क्रिया सख्ख्या बहिणी. आपल्याकडे ताकाची रवी दोरीने फिरे आणि सुताराचा सामताही दोरीनेच फिरे. हाताची मागेपुढे ओढ आणि त्यातून निघणारी गरगर गती, हे मर्म दोन्हींचे एकच.

युरोपातल्या रंगाऱ्याला मात्र रवीचे सुख नव्हते. शिशापासून केलेला सफेदा जवसाच्या तेलात, दगडी पाट्यावर तासन् तास घोटावा लागे. पुष्कळदा हे काम उमेदवार पोरांकडे येई. सफेद्याची पूड नाकातोंडावाटे पोटात जाई. मग पोटात कळा येत, मनगटे लुळी पडत. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामात्सिनी यांनी १७०० साली मोदेना येथे कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रकारांचे चेहरे निस्तेज का, याचे उत्तर त्यांनी रंगांतच शोधले.

पुढे १८६७ साली अमेरिकेतील ओहायो राज्याच्या डी. आर. अ‍ॅव्हरिल यांनी तयार रंगाचे पेटंट घेतले. हळूहळू घोटणे कारखान्यात गेले. ढवळणे मात्र रंगाऱ्याकडेच राहिले. रंगाची पूड तेलाहून जड, ती तळ गाठणारच! काठीने ढवळता ढवळता खांदे भरून येत.

इकडे भोक पाडणाऱ्या बहिणीला वीज लाभली. जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ साली हातात धरण्याचे विजेचे ड्रिल केले. अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर यांना १९१७ साली पिस्तुलासारखी मूठ आणि चाप असलेल्या ड्रिलचे पेटंट मिळाले. अशा यंत्रात टोकदार पोलादाऐवजी पात्यांची सळई धरली, की झाली विजेची रवी.

तिची खरी परीक्षा रेझिनने घेतली. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान यांनी १९३८ च्या सुमारास कृत्रिम दातांच्या कामासाठी इपॉक्सी रेझिन सिद्ध केले. सीबा कंपनीने १९४६ साली ते ‘अराल्डाइट’ नावाने पुढे आणले. याचे दोन भाग कालवावे लागतात. कालवण अपुरे राहिले तर काही जागा कायमची चिकट राहते. जोराने घुसळले तर हवेचे बुडबुडे आत अडकतात. एकदम पुष्कळ कालवून डब्यात ठेवले तर ते आपल्याच उष्णतेने तापते, कधी धुमसतेही. म्हणून थोडेथोडे घ्यावे, धिम्या गतीने फिरवावे, कडा खरवडून आत घ्याव्यात. ताक करणाऱ्या आजीला यातले निम्मे कोणी शिकवावे लागले नसते!

यंत्राने खांद्याचा भार उतरवला, विष मात्र उतरवले नाही. ते काम कायद्याला करावे लागले. १९२१ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने घरांच्या आतील रंगकामात शिशाच्या सफेद्यावर बंदी घालणारा करार केला. अठरा वर्षांखालील मुलांनाही अशा औद्योगिक कामापासून दूर ठेवावे, असे ठरवले. भारतात घरगुती रंगांत दहा लाख भागांत शिशाचे ९० भागांहून अधिक प्रमाण नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला.

नियम नवा, पण आपल्या भिंती जुन्या. तेव्हा या दिवाळीत जुना रंग काढायचा झाला तर तो ओला करून खरवडावा आणि मुलांना त्या धुळीपासून लांब ठेवावे. नवा डबा ढवळताना मात्र त्यांना जरा अंतरावरून खुशाल पाहू द्यावे.