चौथ्या बाजूचा मजकूर

चीनच्या जिलिन प्रांतात, यालू नदीच्या उत्तर काठावर जीआन हे शहर आहे. नदीपलीकडे उत्तर कोरियाचे डोंगर दिसतात. शहराच्या जरा बाहेर, काचेने बंदिस्त केलेल्या मंडपात एक शिळा उभी आहे. उंची ६.३९ मीटर, वजन ३७ टनांच्या घरात. ज्वालामुखीच्या खडकाचा हा प्रचंड तुकडा जेमतेम चौकोनी करून घेतलेला आहे. कडा वेड्यावाकड्या आहेत आणि चारही बाजूंची रुंदी वेगवेगळी आहे. अक्षरं मात्र आखून घेतलेल्या उभ्या ओळींत, शिस्तीत कोरलेली आहेत. पंजाएवढी एकेक, सगळी मिळून सुमारे १,७७५.

इ.स. ४१४ साली गोगुर्यो राज्याचा राजा जांगसू याने ही शिळा वडिलांसाठी उभी केली. वडील म्हणजे ग्वांगगेतो. अठराव्या वर्षी गादीवर आलेला आणि एकोणचाळिसाव्या वर्षी वारलेला राजा. त्या काळी कोरियन द्वीपकल्पात तीन राज्यांची झुंज चालली होती. उत्तरेला आणि मांचुरियात गोगुर्यो, नैऋत्येला बेक्जे, आग्नेयेला सिल्ला. त्यांच्या बेचक्यात गायाची छोटी संस्थानं होती. अयोध्येच्या राजकन्येच्या आख्यायिकेमुळे आपल्याकडे अधूनमधून ज्याचं नाव निघतं, तेच हे गाया. समुद्रापलीकडे जपानी बेटांवर राहणाऱ्यांना शिलालेखात ‘वा’ म्हटलं आहे.

लेखाचे तीन भाग पडतात. पहिल्यात मूळपुरुष चुमो, म्हणजे जुमोंग, याची जन्मकथा आहे. तो आकाशाच्या अधिपतीचा मुलगा आणि नदीच्या देवाचा नातू, अंड्यातून जन्मलेला. पळून जाताना वाटेत नदी आडवी आली तेव्हा कासवांनी वर येऊन त्याला पूल करून दिला. ग्वांगगेतो हा त्याचा सतरावा वंशज. दुसऱ्या भागात सालवार मोहिमा येतात. ३९६ साली बेक्जेचे ५८ किल्ले आणि ७०० खेडी घेतली, तिथल्या राजाने शरण येऊन यापुढे दास होऊन राहण्याची शपथ घेतली. ४०० साली ‘वा’ टोळ्यांनी घेरलेल्या सिल्लाच्या मदतीला ५०,००० पायदळ आणि घोडदळ गेलं. शेवटी बेरीज दिली आहे: एकूण ६४ किल्ले, १,४०० खेडी. तिसऱ्या भागात समाधीची राखण करणाऱ्या घरांची यादी आहे. ती तिसऱ्या बाजूच्या मध्याजवळ सुरू होते आणि चौथी बाजू व्यापून टाकते. या यादीकडे माणसं फार कमी वळतात. तिच्याकडे शेवटी येतो.

६६८ साली गोगुर्यो बुडालं. मुलूख हातोहात फिरला, शिळा मात्र जागची हलली नाही. ती कोणाची हे लोक विसरून गेले. ११४५ साली कोरियाच्या दरबाराने ‘सामगुक सागी’ हा तीन राज्यांचा इतिहास लिहवून घेतला, त्यात या लेखाचा मागमूस नाही. जोसोन काळात नदीपलीकडून ती शिळा पाहणाऱ्या विद्वानांना ती जुर्चेन लोकांच्या एखाद्या सम्राटाची वाटे. पुढे चीनमध्ये मांचू छिंग घराणं आलं, त्याने आपली मायभूमी म्हणून हा सारा टापू वस्तीला बंद करून टाकला. तो उघडला १८७०च्या दशकात. नवा तालुका बसला, वसाहतकरी आले, आणि कुणा अंमलदाराच्या कानावर गेलं की रानात लेख कोरलेली भली मोठी शिळा आहे.

यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत शिळेचं जे झालं ते वाचताना जीव हळहळतो. दगडावर शेवाळ आणि वेलींचा थर होता. तो काढायला आग लावली गेली. दगड तडकला, काही ठिकाणी अक्षरांसकट पापुद्रे सुटले. मग पेकिंगहून ठशांना मागणी येऊ लागली. ठसा घेण्याची रीत जुनीच आहे. ओला पातळ कागद दगडावर चिकटवायचा, ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि तो सुकत आला की कापडाच्या बोळ्याने वरून शाई थोपटत जायची. खाचेत गेलेला कागद पांढरा राहतो, बाकी सगळं काळं होतं. इथला दगड खडबडीत होता. शाई कुठेही लागे, कागद फाटे. ठसे घेऊन पोट भरणारा चू थिएनफू आणि त्याचा मुलगा यांनी त्यावर तोडगा काढला. अक्षरांभोवतीचे खड्डे चुन्याने लिंपून पृष्ठभाग सपाट करायचा. गिऱ्हाईक होते हस्ताक्षरांचे शौकीन. त्यांना रेखीव अक्षर हवं होतं, इतिहास नव्हे. चुना बसला की अक्षर उठावदार दिसे आणि भावही चांगला येई. एखादं अक्षर झिजून ओळखू येत नसेल, तर चुन्यातच त्याला आकार मिळे. आज जगभरच्या ग्रंथालयांतले बहुतेक ठसे या चुन्यानंतरचे आहेत. लिंपण्यापूर्वीचे ठसे मोजके, आणि अभ्यासकांच्या लेखी सोन्याच्या मोलाचे.

१८८३ साली साको कागेआकी नावाचा जपानी लष्करी अधिकारी या भागात हेरगिरीवर असताना त्याने लेखाची एक प्रत मिळवली. तो ठसा नव्हता. अक्षरांच्या कडा रेखून भोवतीची जागा शाईने भरलेली अशी ती नक्कल होती, म्हणजे रेखणाऱ्याला जे अक्षर वाटलं तेच कागदावर उतरलं. ती तोकियोला गेली, लष्कराच्या मुख्यालयात तिचा अभ्यास झाला आणि १८८९ साली ती छापून प्रसिद्ध झाली. सगळ्यांचं लक्ष पहिल्या बाजूवरच्या ३२ अक्षरांवर गेलं. त्यातली काही झिजलेली आहेत. जपानी पंडितांनी लावलेला अर्थ असा: बेक्जे आणि सिल्ला ही पूर्वीपासून गोगुर्योची मांडलिक, पण ३९१ साली ‘वा’ समुद्र ओलांडून आले आणि त्यांनी या राज्यांना हरवून आपली प्रजा केलं.

‘निहोन शोकी’ या ७२० सालच्या जपानी बखरीत कोरियाच्या दक्षिण टोकाला जपानी अंमल असल्याचे उल्लेख होतेच. त्यांना आता समकालीन शिलालेखाचा आधार मिळाला, निदान तसा दावा करता आला. १९१० साली जपानने कोरिया गिळला. त्याआधीच जपानी विद्यापीठांत ही मांडणी तयार होती की आपण काही नवं करत नाही, प्राचीन काळची व्यवस्था परत आणतो आहोत. दीड हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर एका वसाहतीचं समर्थन उभं राहिलं.

कोरियन वाचकांच्या हाती लेख पडला तो नेमका याच पडत्या काळात. ‘ह्वांगसोंग शिनमुन’ या सोलच्या वृत्तपत्राने १९०५ साली तो क्रमशः छापला. त्याच वर्षी जपानने कोरियावर संरक्षित राज्याचा तह लादला. देश हातचा जात असताना वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला कळत होतं, की आपल्या पूर्वजांचं राज्य यालूच्याही पलीकडे पसरलं होतं आणि त्याची साक्ष आजही तिथे उभी आहे. या वाचनाने काय झालं हे शिन चे-हो यांच्यात दिसतं. कोरियन राष्ट्रवादी इतिहासलेखनाचे ते जनक. परागंदा अवस्थेत ते जीआनला गेले. खिशात पैसे नव्हते, समाध्या नीट मोजण्याइतकाही मुक्काम करता आला नाही. पण त्यांनी लिहिलेल्या इतिहासात केंद्रस्थानी सिल्ला राहिलं नाही, गोगुर्यो आलं. १९३६ साली ते लुशुनच्या जपानी तुरुंगात वारले.

वाद त्या ३२ अक्षरांचा होता आणि व्याकरणाचाही. अभिजात चिनीत विरामचिन्हं नसतात आणि कर्ता वारंवार गाळला जातो. समुद्र ओलांडला, हरवलं, प्रजा केलं. कोणी? कोरियन अभ्यासक जोंग इन-बो यांनी म्हटलं की लेख गोगुर्योच्या राजाच्या गौरवाचा, तेव्हा या क्रियांचा न लिहिलेला कर्ता गोगुर्योच. १९७२ साली जपानमध्ये राहणारे कोरियन इतिहासकार ली जिन-ही यांनी याहून जबर आरोप केला: साकोने नक्कल करताना अक्षरं बदलली आणि ते लपवायला लष्कराने पुढे दगडावर चुना लिंपवला. जपानी विद्वज्जगत हादरलं. वसाहतीच्या काळात तयार झालेली गृहीतकं पुन्हा तपासणं भाग पडलं, हे ली यांचं मोठं काम. आरोप मात्र टिकला नाही. १९८४ साली चिनी अभ्यासक वांग जिएनछुन यांनी चुन्याचा उगम ठसेवाल्यांच्या धंद्यात असल्याचं दाखवलं. पुढे अभ्यासक शू जिएनशिन यांना साकोच्याही आधीची, १८८१ सालची प्रत सापडली. वादाच्या जागी तिच्यात तीच अक्षरं होती.

माझं मत असं, की अक्षरं खरी असली तरी वाक्य खरं असायला हवं असं नाही. राजाच्या मोहिमा न्याय्य ठरवायच्या तर शत्रू बलाढ्य दाखवावा लागतो. आपल्या मांडलिकांना कुणी पळवलं, म्हणून आम्ही निघालो, ही प्रशस्तीची जुनी चाल आहे. शिलालेख समकालीन आहे म्हणून तो निःपक्षपाती ठरत नाही. २०१० साली जपान-कोरियाच्या संयुक्त इतिहास संशोधन समितीनेही प्राचीन जपानचं कोरियात राज्य असल्याची कल्पना टाकून दिली.

या दगडाइतकीच बोलकी, पण हातात मावेल अशी एक वस्तू आहे. १९४६ साली, स्वातंत्र्यानंतर वर्षभरात, सिल्लाची राजधानी ग्योंगजू इथे कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने पहिलं उत्खनन केलं. एका दफनात झाकणाचं काशाचं भांडं मिळालं. ते उलटं केलं तर बुडाला चार ओळींत सोळा अक्षरं. साल पडतं ४१५, आणि नाव ग्वांगगेतोचं. अक्षरांचं वळण थेट शिळेवरच्यासारखं. राजाच्या स्मरणार्थ गोगुर्योत ओतलेलं भांडं सिल्लाच्या सरदाराच्या उशाशी कसं आलं? राजदूताने भेट म्हणून आणलं असेल, किंवा ओलीस ठेवलेल्या कुणा राजपुत्राबरोबर आलं असेल. काहीही असलं तरी सिल्ला त्या काळी गोगुर्योच्या सावलीत होतं, हे शिळेचं म्हणणं हे भांडं खालच्या आवाजात मान्य करतं.

देशाची फाळणी झाल्यावर ही जुनी राज्यंही वाटली गेली. दक्षिणेत पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने १९७०च्या दशकात ग्योंगजूवर पैसा ओतला, चोनमाचोंगची समाधी १९७३ साली उकरली, तीन राज्यांना एक करणारं सिल्ला आणि त्याचे ह्वारांग तरुण शाळेतल्या मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवले. पार्क स्वतः त्याच ग्योंगसांग भागातले. प्योंगयांगला हे मान्य होणं शक्य नव्हतं. ते शहर ४२७पासून गोगुर्योची राजधानी, आणि सिल्लाने एकीकरण केलं ते चीनच्या थांग सैन्याला बोलावून. उत्तरेच्या पुस्तकांत म्हणून खरा वारसा गोगुर्योचा. १९९३ साली तिथे जुमोंगची समाधी भव्य करून नव्याने बांधली गेली.

दक्षिणेतही लोकांचा ओढा मात्र उत्तरेकडच्या त्या हरवलेल्या राज्याकडेच वळत गेला. नौदलाने १९९०च्या दशकात बांधलेल्या विनाशिकांच्या पहिल्या वर्गात तीन नौका आहेत: ग्वांगगेतो, उलजी मुंदोक आणि यांग मानचुन. तिघेही गोगुर्योचे, त्यातले पुढचे दोघे चिनी सैन्याला रोखणारे. २००२ साली चीनच्या सामाजिक शास्त्र अकादमीने ईशान्य सीमेच्या इतिहासाचा पाच वर्षांचा प्रकल्प हाती घेतला. गोगुर्यो हे चीनमधल्या अल्पसंख्याकांचं एक प्रादेशिक राज्य, अशी त्याची मांडणी होती. सोलमध्ये संतापाची लाट उठली. सरकारने २००४ साली गोगुर्योच्या अभ्यासासाठी खास संस्था काढली. त्याच वर्षी युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून चीनमधल्या राजधान्या आणि उत्तर कोरियातल्या समाध्या अशा दोन वेगळ्या नोंदी एकाच बैठकीत मंजूर केल्या. २००६-०७ साली ‘जुमोंग’ ही मालिका घरोघरी पाहिली गेली ती या धगीत. आज चोनानच्या स्वातंत्र्य स्मारकात शिळेची हुबेहूब प्रतिकृती आहे आणि २०२४पासून सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात ती एलईडी पडद्यांचा स्तंभ होऊन उभी आहे. मूळ शिळा परदेशात, म्हणून प्रतिकृतींवर एवढा जीव.

गोगुर्यो चीनचं की कोरियाचं, हा प्रश्न पाचव्या शतकातल्या माणसाला कळलाच नसता. पण शिळेला स्वतःला काय सांगायचं होतं ते चौथ्या बाजूवर स्पष्ट लिहिलं आहे, आणि मला तिथलाच मजकूर सगळ्यांत जिवंत वाटतो. ग्वांगगेतोची चिंता अशी: पूर्वजांनी समाध्यांच्या राखणीला जुनीच प्रजा लावली, ती दरिद्री होऊन खचेल. त्यापेक्षा मी मोहिमांतून आणलेली हान आणि ये लोकांची माणसं लावा. मुलगा जांगसूला वाटलं, नव्यांना रीतभात कळणार नाही. म्हणून त्याने नवे २२० उंबरे घेतले आणि जोडीला जुन्या प्रजेतले ११०. एकूण ३३० घरं. कोणत्या गावातून किती, हे एकेक करून कोरलं आहे. सक्तीने उपटून आणलेल्या त्या गावांची नावं इतकी तपशिलात एरवी कुठेच उरली नसती. २०१२ साली जीआनमध्येच एका शेतकऱ्याला नदीकाठी माणसाच्या उंचीची आणखी एक गोगुर्यो शिळा मिळाली. तिच्या २१८ अक्षरांतही समाधीच्या राखणदारांचाच विषय आहे. यावरून दिसतं की राखणदार विकले जात होते आणि श्रीमंत लोक त्यांना विकत घेत होते. ग्वांगगेतोच्या शिळेचा शेवटही त्याच हुकमाने होतो: राखणदारांची खरेदी-विक्री यापुढे बंद, विकेल त्याला शिक्षा, आणि विकत घेईल त्याला स्वतःलाच समाधीच्या राखणीला लावावं.