त्वचेवरील खुणेचा अर्थ : क्षयपरीक्षा, बालपणीची लस आणि रुग्णालयातील सेवक

रुग्णालयात नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकेच्या हातावर, कोपराखाली आतल्या बाजूस, ट्यूबरक्युलिन या द्रवाचा एक दशांश मिलिलिटर कातडीच्या थरात टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी तेथे टणक फुगवटा आला आहे काय, हे चाचपून त्याची रुंदी मिलिमीटरांत मोजतात. लाली मोजावयाची नसते. टणकपणा तेवढा मोजावयाचा असतो. हा फुगवटा १० मिलिमीटर वा त्याहून मोठा निघाला, की बहुधा एकच उत्तर ऐकू येते : ‘मला लहानपणी बी. सी. जी. टोचली होती.’ हे उत्तर कितपत ग्राह्य मानावे, हा वैद्यकाचा प्रश्न खरा. परंतु एकाच खुणेला निरनिराळ्या काळी व देशी परस्परविरुद्ध अर्थ कसे लाभले, हा इतिहासाचा प्रश्न होय. दुसऱ्यावाचून पहिल्याचे उत्तर नीट लागत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ट्यूबरक्युलिन जन्मास आले ते औषध म्हणून. क्षयजंतूचा शोध १८८२ साली जाहीर करणाऱ्या रॉबर्ट कॉखने १८९० मध्ये ते पुढे मांडले. औषध म्हणून ते फसले, परीक्षेचे साधन म्हणून मात्र टिकले. व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के याने १९०७ साली त्वचेवरील ओरखड्याची रीत सांगितली व पुढल्याच वर्षी फ्रान्समध्ये शार्ल मांतूने सुईने कातडीत टोचण्याची रीत रूढ केली. ‘ॲलर्जी’ हा शब्दही याच पिर्केने १९०६ साली घडविला, हे भाषाभ्यासकांस ठाऊक असेल. ‘अन्य’ व ‘कार्य’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड असून त्याचा मूळ आशय एवढाच, की शरीराची प्रतिक्रिया पूर्वीहून निराळी झाली आहे. ती हिताची की अहिताची, हे त्याने शब्दात बांधले नव्हते. पुढे लोकव्यवहारात शब्द अहिताकडे झुकला. त्वचेवरील खुणेच्या वाट्याला मात्र दोन्ही अर्थ आले.

ऑस्लो येथील उल्लेवोल रुग्णालयात योहानेस हाइम्बेक याने १९२४ पासून परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुलींची पिर्केच्या रीतीने परीक्षा आरंभिली. प्रौढपणीचा क्षय म्हणजे बाल्यातील संसर्गाचेच पुनरुत्थान, असा त्या काळचा प्रबळ समज होता. हाइम्बेकला दिसले ते वेगळेच. येणाऱ्या मुलींपैकी जवळजवळ निम्म्या नकारार्थी होत्या. तीन वर्षांच्या शिक्षणकाळात त्यांपैकी बहुतेक सर्व होकारार्थी बनल्या. आणि आजारी पडल्या त्या प्रामुख्याने आरंभी नकारार्थी असलेल्यांपैकीच. रोग रुग्णालयातच लागत होता, हा त्याचा सरळ अर्थ. ज्यांच्या हातावर खूण आधीच होती, त्या तुलनेने सुरक्षित ठरल्या. तेव्हा नकारार्थी मुलींस बी. सी. जी. टोचून त्यांना होकारार्थी करून घेणे, हा उपाय त्याने योजिला. येथे खूण उमटणे हे शुभ चिन्ह होय. ती न उमटली तर काळजी.

ती लस काल्मेट व गेराँ यांनी लील येथे १९०८ ते १९२१ या तेरा वर्षांत जंतूचे सुमारे २३० वेळा पुनःसंवर्धन करून सिद्ध केली होती. अमेरिकेने ती सार्वत्रिक केली नाही. तेथील युक्तिवाद असा, की नकारार्थी व्यक्ती होकारार्थी झाली म्हणजे नवा संसर्ग कळतो. लशीने हे चिन्हच गढूळ होते. आयसोनियाझिड १९५२ साली उपलब्ध झाल्यावर या मताला आणखी बळ आले, कारण दडलेल्या संसर्गावर आता उपचार करता येत होता. नॉर्वेत ज्या खुणेने दिलासा मिळे, तिचीच येथे धोक्याची सूचना झाली. अनेक देशांतील सेवक आज हा दुसरा अर्थ लावणारी परीक्षा देतात आणि तिचे उत्तर देताना पहिल्या अर्थाचा आधार घेतात. गोंधळाचे मूळ येथे आहे.

भारतात १९५१ पासूनच्या सामूहिक मोहिमेत आधी परीक्षा घेऊन नकारार्थी ठरलेल्यांसच लस टोचीत. त्यांत शाळकरी मुले पुष्कळ. १९७८ च्या लसीकरण कार्यक्रमापासून ती तान्ह्या वयात देण्याचा प्रघात पडला. ब्रिटनमध्ये १९५३ ते २००५ पर्यंत ती तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळेत देत. वयाचा हा भेद क्षुल्लक नव्हे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासात असे आढळले, की पहिल्या वर्षाच्या आत लस घेतलेल्यांपैकी दहा वर्षांनंतर लशीमुळे होकारार्थी ठरणारे सुमारे १ टक्का असतात. त्यानंतर लस घेतलेल्यांत खोट्या होकाराचे प्रमाण एकंदरीत सुमारे ४२ टक्के व दहा वर्षांनंतरही सुमारे २१ टक्के भरते. म्हणजे ‘लहानपणी’ या शब्दातच घोटाळा आहे. जन्मतः टोचलेल्या तिशीतील डॉक्टराचे उत्तर जवळजवळ निराधार. शाळेत टोचलेल्या ब्रिटिश परिचारिकेचे मात्र विचारात घेण्याजोगे. दंडावरील वण लस टोचल्याचे सांगतो, वय सांगत नाही.

शिवाय खूण लशीची असली तरी ती संरक्षणाची ग्वाही ठरत नाही. चेंगलपट्टू येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या, अडीच लाखांहून अधिक लोकांच्या प्रयोगात प्रौढांच्या फुप्फुसक्षयापासून लशीने संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही.

या वादाचा एक निर्णायक पुरावा वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचा आहे. तेथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील ७२६ सेवकांची त्वचापरीक्षा व रक्तपरीक्षा अशी दुहेरी तपासणी झाली आणि निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. ही रक्तपरीक्षा ज्या प्रथिनांवर बेतलेली आहे, ती बी. सी. जी.च्या जंतूत नाहीतच. त्यांच्या जनुकांचा तुकडा त्या तेरा वर्षांच्या संवर्धनातच गळून पडला होता. सेवकांपैकी ७१ टक्क्यांच्या दंडावर लशीचा वण होता. त्वचापरीक्षेत ४१ टक्के, रक्तपरीक्षेत ४० टक्के आणि दोहोंत मिळून ३१ टक्के होकारार्थी निघाले. म्हणजे त्वचेवर खूण असलेल्या दर चारांपैकी सुमारे तिघांच्या खुणेस रक्ताने दुजोरा दिला. वय आणि सेवेची वर्षे वाढतील तसा होकारही वाढत गेला. उल्लेवोलचेच निरीक्षण, ऐंशी वर्षांनी, विदर्भात. लशीकडे बोट दाखविणे सोपे खरे, पण येथे रुग्णालयाच्या खोल्यांतील हवेकडे पाहणे अधिक प्रस्तुत होते.

अर्थात होकार म्हणजे रोग नव्हे. छातीचे क्ष-किरण चित्र व लक्षणांची चौकशी त्यानंतरची. एक तांत्रिक सावधगिरीही आहे. जुन्या संसर्गाची वा लशीची क्षीण झालेली स्मृती पहिल्या टोचणीने जागी होते आणि दुसरी टोचणी मोठा फुगवटा देते. तो नवा संसर्ग समजला जाऊ नये म्हणून नव्या सेवकांची परीक्षा एक ते तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा घेतात. अमेरिकेतील प्रतिवर्षी सर्व सेवकांची परीक्षा घेण्याची चाल २०१९ च्या शिफारशींनी थांबविली. रुजू होतानाची परीक्षा राहिली, आणि खूण वाचताना लस जमेस न धरण्याचा तेथील नियमही कायम आहे.

त्याच गळालेल्या तुकड्यातील प्रथिने वापरून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नवी त्वचापरीक्षा २०२२ मध्ये भारतात संमत झाली. टोचण्याची व मोजण्याची रीत मांतूचीच; बालपणीच्या लशीला मात्र तिच्यापुढे काही सांगावयाचे उरत नाही.