कामत यांची बुद्धिमापन चाचणी आणि नमुन्याबाहेरचे मराठी मूल

व्ही. व्ही. कामत यांनी बिने मापनश्रेणीची कन्नड व मराठी भाषिक मुलांसाठी केलेली सुधारित आवृत्ती १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची मानके मुंबई इलाख्यातील धारवाडच्या मुलांवरून ठरली. योगायोग असा, की त्याच वर्षी जेर्झी नेमन यांनी हेतुपूर्वक निवडीपेक्षा यादृच्छिक नमुना श्रेष्ठ का, हे दाखविले. जळकोट तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९४८ पर्यंत तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि शिक्षणावरही तिचाच पगडा होता. म्हणजे मुलाची घरची भाषा मराठी, परंतु शालेय अनुभव निराळा. भाषा एक म्हणून समष्टी एक, हे गृहीतक येथे टिकत नाही. तरीही ही चाचणी पुढे अनेक दशके वापरली गेली. नमुन्यात ज्याला स्थानच नव्हते, त्या मुलावर ‘मंदबुद्धी’ असा शिक्का बसण्याचा धोका त्या मानकांबरोबरच आला.