बँकसाइड : वीजघराचे कलासंग्रहालय होताना

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण तीरावर, सेंट पॉल कॅथीड्रलच्या अगदी समोर, तपकिरी विटांची एक अवाढव्य इमारत उभी आहे. तिच्या मध्यभागी असलेली चिमणी ९९ मीटर उंच आहे. ती कॅथीड्रलच्या घुमटाहून बुटकी राहील, याची दक्षता आराखडा करतानाच घेतली गेली होती. आज जग जिला ‘टेट मॉडर्न’ म्हणून ओळखते, ती ही इमारत मुळात विजेचा कारखाना होती.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीव्र वीजटंचाईत, १९४७ साली, या केंद्राला मंजुरी मिळाली. राजधानीच्या काळजात, तेही घुमटासमोर, धुराडे उभारण्यास कडाडून विरोध झाला. सरकारने तो बाजूस सारला. मात्र कोळशाऐवजी तेल जाळायचे ठरले. वास्तुकार होते सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट. लंडनचा तो प्रसिद्ध लाल टेलिफोन बूथही त्यांचाच. सुमारे ४२ लाख विटांच्या या वास्तूचा पश्चिमेकडील भाग १९५२ मध्ये सुरू झाला आणि पूर्वेकडील भाग १९६३ मध्ये पूर्णत्वास गेला. पुढे सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि १९८१ साली केंद्र बंद पडले. पूर्ण रूपात ते जेमतेम अठरा वर्षे चालले.

त्यानंतरचे दशक ओसाडीचे. इमारतीला वारसा-यादीत स्थान देण्याची मागणी फेटाळली गेली. म्हणजे ती पाडण्यास कायद्याची आडकाठी उरली नाही. त्याच सुमारास टेट गॅलरी जागेअभावी गुदमरत होती. साखरसम्राट हेन्री टेट यांच्या देणगीतून १८९७ साली उघडलेल्या मिलबँकच्या इमारतीत ब्रिटिश कला आणि जगभरची आधुनिक कला दाटीवाटीने नांदत होत्या. १९९२ मध्ये विश्वस्तांनी आधुनिक कलेसाठी स्वतंत्र संग्रहालयाचा निर्णय घेतला आणि १९९४ मध्ये बँकसाइडची निवड जाहीर झाली.

वास्तुकलेची स्पर्धा झाली. तादाओ आंदो, रेम कूलहास, रेन्झो पियानो यांच्यासारखी बडी नावे अंतिम यादीत होती. निवड झाली ती बाझलच्या, तुलनेने अल्पपरिचित अशा, हेर्झोग आणि द म्युरों या जोडीची. त्यांनी मूळ वास्तूशी झुंज घेतली नाही, हेच त्यांच्या आराखड्याचे बळ होते. चिमणी राहिली, विटांच्या भिंती राहिल्या. वर काचेची एक लांब, दुमजली प्रकाशपेटी तेवढी बसली. आणि सर्वांत धाडसी निर्णय म्हणजे काहीच न बांधण्याचा. यंत्रे काढल्यावर टर्बाइन हॉल रिकामा झाला : सुमारे १५५ मीटर लांब, ३५ मीटर उंच. एवढ्या पोकळीत मजले चढवून दालने वाढवण्याचा मोह कोणालाही झाला असता. येथे ती पोकळी तशीच ठेवून पश्चिमेकडून आत उतरणारा रुंद उतार केला गेला. त्यामुळे चित्रे पाहण्याआधीच माणूस जणू एखाद्या झाकलेल्या रस्त्यावर येऊन पोहोचतो.

१३ कोटी ४० लाख पौंड खर्चून संग्रहालय मे २००० मध्ये खुले झाले. कायमस्वरूपी संग्रहासाठी प्रवेश विनामूल्य होता. पहिल्याच वर्षी ५० लाखांहून अधिक लोक आले. टर्बाइन हॉलमुळे कलेचे मापच बदलले : मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे ‘मार्सियस’ २००२ मध्ये या दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेले होते, डोरिस साल्सेदो यांनी २००७ मध्ये जमिनीत पाडलेली भेग पुढे बुजवली गेली, तरी तिचा व्रण दिसतोच.

मुंबईचा एक धागा याहूनही बोचरा आहे. २००१ साली येथे भरलेल्या ‘सेंच्युरी सिटी’ प्रदर्शनात नऊ शहरांत मुंबईही होती. तो विभाग गीता कपूर आणि आशिष राजाध्यक्ष यांनी रचला होता. बंद वीजघरात मुंबईची कला मांडली गेली, त्याच वर्षी इकडे गिरण्यांच्या जमिनींचे नियम बदलले गेले. मोकळ्या जागा आणि परवडणारी घरे यांसाठीचा वाटा केवळ रिकाम्या भूखंडावर मोजायचा, असे ठरले आणि तो आकसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. गिरणगावात कित्येक ठिकाणी चिमणी तेवढी उरली, तीही मॉलच्या शोभेपुरती.

अर्थात बँकसाइडही निर्मळ यशोगाथा नाही. संग्रहालयाने परिसराला प्रतिष्ठा दिली, तशी शेजारी महागड्या काचेच्या सदनिकांची रांगही उभी राहिली. २०१६ मध्ये संग्रहालयाची दहा मजली नवी इमारत खुली झाली. तिच्या गच्चीवरून लोक थेट आपल्या घरात डोकावतात, अशी तक्रार घेऊन काही रहिवासी न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयांत ते हरले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला.

या साऱ्या गदारोळात एक गोष्ट सहसा नजरेआड होते. इमारतीच्या दक्षिण अंगाला विजेचे उपकेंद्र होते आणि संग्रहालय उघडल्यावरही ते चालूच राहिले. टर्बाइन हॉलमध्ये गर्दी ओसरली, की भिंतीपलीकडच्या रोहित्रांची मंद घरघर पाहुण्यांच्या कानी पडत असे.