दुकानांतलें चित्र व घरांतलें चित्र

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला प्रवासी नीरा नदी ओलांडतो आणि शिरवळास येतो. सुभानमंगळ नांवाचा भुईकोट किल्ला या गांवीं होता. परंतु प्रस्तुत विषयाचा संबंध त्या किल्ल्याशीं नसून दुसऱ्याच एका किल्ल्याशीं आहे. शिरवळच्या वायव्येस, सरळ रेषेंत सुमारें ३४ किलोमीटरांवर, सिंहगड उभा आहे. आणि १९७३ सालीं त्याच्या माथ्यावरून मुंबईच्या दूरचित्रवाणीचें पुनःप्रक्षेपण सुरू झालें. तेव्हांपासून शिरवळसारख्या गांवांत, ज्या घराची ऐपत असेल त्या घरांत, एक नवा प्रश्न शिरला : दोन संचांपैकीं कोणता घ्यावा?

हा प्रश्न इतिहासाच्या तोलाचा नाहीं असें कित्येकांस वाटेल. लढाया आणि तह यांच्या पंक्तीला टीव्हीच्या खरेदीस कोण बसवील? तथापि मध्यम स्थितींतील कुटुंबाची जमाखर्चाची वही उघडली, तर लग्नकार्य व घरदुरुस्ती सोडल्यास एकरकमी खर्चाच्या ज्या थोड्या नोंदी आढळतात, त्यांत ही एक असते. आणि ती वस्तु दहा-बारा वर्षें साऱ्या घराची संध्याकाळ ताब्यांत ठेवते. निवड चुकली तर ती चूक रोज समोर दिसत राहते. शिरवळच्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला तर एक विशेष अडचण होती. संच पारखावयाचा पुण्यांत आणि पाहावयाचा शिरवळांत. त्याच्या बहुतेक चुकांचें मूळ या एका गोष्टींत होतें.

आपल्या देशांत दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लींत प्रयोगादाखल झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, व पुढील वर्षीं त्याचे कार्यक्रम सिंहगडावरून पुणें व आसपासच्या मुलुखांत पोंचूं लागले. बातम्या, 'ज्ञानदीप', शेतकऱ्यांसाठीं 'आमची माती आमची माणसं', विनोदाचा 'गजरा', पुढें 'चिमणराव', शिवाय 'छायागीत' आणि रविवारचा हिंदी चित्रपट, एवढ्यावर लोक तृप्त असत. वाहिनी एकच असल्यामुळें काय पाहावें हा वाद घरांत नव्हता. कशावर पाहावें, हा होता. संच घेतला कीं त्याचा परवाना काढावा लागे. ती परवान्याची पद्धत १९८५ सालीं संपली.

काळ्यापांढऱ्या चित्रांच्या त्या काळांत मध्यम ऐपतीच्या गिऱ्हाइकापुढें प्रायः दोन प्रकारचे संच येत. एक मोठा, ५१ सेंटिमीटर पडद्याचा, लांकडी पेटींतला, पुढें सरकतीं दारें असलेला. दुसरा लहान, ३६ सेंटिमीटरांचा, कडी धरून उचलून नेण्याजोगा. यांतील कांहीं संच १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालत. पडद्याचें माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत घेतात. त्यामुळें आंकडे ऐकून फरक लहान वाटतो. क्षेत्रफळ काढलें तर मोठा पडदा लहानाच्या जवळजवळ दुप्पट भरतो.

तेव्हांचें चित्र ६२५ रेषांचें असे, व त्यांपैकीं ५७६ रेषा प्रत्यक्ष चित्राच्या कामीं येत. लहान खोलींत मोठ्या पडद्याच्या अगदीं जवळ बसलें कीं या रेषा दिसत, आणि मुलें तर हटकून पडद्याला नाक लावूनच बसावयाचीं. लहान संचावर त्याच रेषा दाटीनें बसत आणि चित्र रेखीव भासे. म्हणून खोली लहान, माणसें चार, वीज बेभरंवशाची, अशा घरीं लहान संच घेणेंच शहाणपणाचें होतें. तरी पुष्कळांनीं मोठाच घेतला, आणि त्यांस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. मोठा संच घेणें म्हणजे आळीला बोलावणें होतें. रविवारीं संध्याकाळीं संच ओसरीवर यावयाचा, अंगणांत सतरंजी पडावयाची, आणि ज्यांच्याकडे संच नाहीं अशीं चार-पांच घरें तेथें जमावयाचीं. त्या जुन्या कांचेच्या नळीचा एक गुण येथें उपयोगी पडे : तिचें चित्र अगदीं बाजूनें पाहिलें तरी फिकें पडत नसे. अंगणाच्या कोपऱ्यांत बसलेल्या म्हातारीस आणि मधोमध बसलेल्या घरमालकास सारखेंच दिसे. हा गुण नळीबरोबर गेला. त्याची आठवण पुढें पुन्हां येणार आहे.

आतां ती पुण्याच्या दुकानाची गोष्ट. पुणें शहराच्या मध्यापासून सिंहगड सरळ रेषेंत सुमारें २० किलोमीटर. शिरवळपासून तेंच अंतर सुमारें पावणेदोनपट. लहरींची शक्ति अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत घटते. म्हणजे वाटेंत कांहींही आड नाहीं असें धरलें तरी शिरवळच्या अँटेनास पुण्याच्या मानानें एक-तृतीयांशच शक्ति मिळावयाची. शिवाय पुण्याहून सिंहगड उघडा दिसतो, आणि शिरवळच्या बाजूस मधला मुलूख डोंगराळ. अशा मुलुखांत ज्याचें घर उंचवट्यावर, त्यास चित्र बरें मिळावयाचें. सखल जागीं, डोंगराच्या आडोशास, तें दुबळें व्हावयाचें. पेठेंतल्या दुकानीं लखलखीत दिसलेला चेहरा अशा घरीं आल्यावर मुंग्यांनीं भरून जाई. मग मुलानें कौलांवर चढून नळ फिरवावा, खालीं बापानें पडद्यासमोर उभें राहावें. वरून ओरड येई, "आण्णा, आलं का?" आणि खालून उत्तर जाई, "नाही रे, अजून मुंग्याच!"

दोष संचाचा नसे. पण गिऱ्हाईक संचाला दोष देई व दुकानदार अँटेनाला. वस्तुतः अशा गांवीं संचाची किंमत एकट्या संचाची धरणें हीच चूक होती. उंच लोखंडी नळ, जास्त दांड्यांचा अँटेना, बूस्टर, आणि विजेचा दाब खालीं गेला कीं आंखडणारें चित्र सांवरण्यासाठीं स्टॅबिलायझर, इतका सरंजाम जमेस धरला पाहिजे होता. बूस्टरविषयींही गैरसमज फार. तो चित्राबरोबर मुंग्याही वाढवतो. म्हणून तो वर अँटेनापाशीं बसवावयाचा असतो, खालीं संचामागें नव्हे, कारण तेथें पोंचेपर्यंत मूळ चित्र तारेंतच क्षीण झालेलें असतें. आणि डोंगरावर आपटून आलेल्या लहरीमुळें एका माणसाच्या दोन प्रतिमा दिसूं लागल्या, तर त्यावर बूस्टरचा इलाज मुळींच चालत नाहीं. अँटेनाचें तोंड फिरवणें हाच उपाय. ज्यानें या गोष्टींसाठीं पैसे राखून लहान संच घेतला, त्याला मोठा संच घेऊन बांबूला अँटेना बांधणाऱ्यापेक्षां चांगलें चित्र मिळे.

१९८२ सालीं प्रश्नाचें स्वरूप पालटलें. १५ ऑगस्टच्या समारंभापासून दूरदर्शनवर रंग आले, आणि १९ नोव्हेंबरास दिल्लींत सुरू झालेल्या आशियाई खेळांनीं त्यांची जाहिरात केली. पुढच्या वर्षीं २५ जूनला भारतानें क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. ज्याच्या हातीं थोडा पैसा होता त्याच्यापुढें आतां दोन नवे संच उभे राहिले : मोठा काळापांढरा, नाहीं तर थोडे अधिक पैसे घालून लहान रंगीत. पुण्यांत दोन्ही शेजारीं लावलेले असत, आणि हिरव्या मैदानापुढें काळापांढरा कोणाच्या नजरेंत भरणार?

येथें एक बारीक गोष्ट होती व ती दुकानीं कोणी सांगत नसे. रंगाची माहिती चित्राच्या मुख्य लहरीवर एका नाजूक उपलहरीनें येते. प्रक्षेपण क्षीण झालें कीं प्रथम ती हरवते. आणि ती पुरेशी मिळाली नाहीं तर घाणेरडे ठिपके दिसूं नयेत म्हणून रंगीत संच आपण होऊन रंग बंद करतो. सखल जागीं राहणारा मनुष्य रंगाचे पैसे देऊन लहानसा काळापांढरा संच घरीं आणी. तोही मूळच्या काळ्यापांढऱ्याहून मंद. कारण रंगीत नळींत पडद्याच्या आंत छिद्रांचा पातळ पत्रा असतो व किरणांचा बराच मोठा भाग त्या पत्र्यावरच अडतो. दिवसाउजेडीं ओसरीवर तर हा फरक चांगलाच जाणवे. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारीं सकाळीं 'रामायण' सुरू झालें तेव्हां भर उजेडांत पाहावयाचें आलें, आणि कित्येक घरांनीं दारें-खिडक्या लावून घेतल्या. स्पष्ट बोलावयाचें तर त्या वर्षांत कडेच्या गांवच्या कुटुंबानें मोठा काळापांढरा संच व उत्तम अँटेना घेणें अधिक फायद्याचें होतें. पण रंगाचा मोह हा निव्वळ मूर्खपणाही नव्हता. संच दहा वर्षांसाठीं घ्यावयाचा, आणि १९८४ सालीं देशांत इतक्या झपाट्यानें नवीं प्रक्षेपण केंद्रें उभीं राहात होतीं कीं आज न दिसणारा रंग उद्यां दिसेल अशी आशा धरण्यास जागा होती. आणि हातांतला संच काळापांढराच असेल तर उद्यां रंग आला तरी त्याचा उपयोग काय? मुलें हाच मुद्दा पुढें करीत, आणि त्यास वडिलांजवळ उत्तर नसे.

१९९१-९२ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या व त्यांच्यामागून केबल आली. तारेंतून भरपूर शक्तीचें चित्र घरांत येऊं लागल्यावर सिंहगड कोणत्या दिशेला आहे हें पाहण्याचें कारण उरलें नाहीं. दूरदर्शनच्या जमिनीवरील जुन्या प्रक्षेपकांपैकीं बहुतेक २०२२ पर्यंत बंदही झाले.

आजचें शिरवळ औद्योगिक गांव आहे. गोदरेजच्या कारखान्यांत तेथें शीतकपाटें तयार होतात. संच घेण्यासाठीं पुण्यास जावेंच लागतें असें नाहीं. मध्यम किंमतीचे दोन संच मात्र अजून समोर उभेच आहेत : एक ३२ इंची, दुसरा ४३ इंची. यांतील पसंतीस सरकारनेंही हातभार लावला. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर वस्तु-सेवा कर शेंकडा १८ झाला, त्याहून मोठ्यांवर तो शेंकडा २८ राहिला. २२ सप्टेंबर २०२५ रोजीं तो भेद नाहींसा झाला. जवळजवळ सात वर्षें एका इंचाच्या रेघेनें गिऱ्हाईक लहान पडद्याकडे ढकललें जात होतें.

दुकानांतील फसगत आजही तीच आहे, फक्त उलट दिशेनें. पूर्वी तेथें प्रक्षेपण जोरदार मिळे. आतां दुकानदार खास तयार केलेली चित्रफीत लावतो, पडद्याचा उजेड शिगेला नेऊन ठेवतो. ४३ इंची संचावर २१६० ओळी, आणि फितींत पोपट व समुद्र. घरीं मात्र मासिक वर्गणी नसलेली दूरदर्शनची 'फ्री डिश' जोडली, कीं तिच्यावरील बहुतेक वाहिन्यांचें चित्र ५७६ ओळींचेंच येतें. म्हणजे सिंहगडावरून १९७३ सालीं येत होतें तितक्याच ओळींचें. तें २१६० ओळींवर ताणलें कीं चेहरे मेणाचे दिसतात. ज्या घरांत प्रामुख्यानें बातम्या व मालिका याच मार्गानें पाहतात, आणि खोली दहा फुटांची आहे, तेथें ३२ इंची संच पुरतो व अधिक नीटसही दिसतो. ज्या घरीं ब्रॉडबँड आहे, तरुण मंडळी रात्रीं चित्रपट व क्रिकेट पाहतात, त्यांनीं ४३ इंची घ्यावा.

राहिली ती नळीच्या गुणाची गोष्ट. हल्लींचे सपाट पडदे ढोबळपणें दोन जातींचे. आयपीएस जातीचा पडदा बाजूनें पाहिला तरी रंग टिकवतो, पण अंधाऱ्या खोलींत त्याचा काळा रंग करडा वाटतो. व्हीए जातींत काळा गडद असतो. उजेड व काळोख यांतील अंतर तेथें तीन ते पांचपट अधिक मिळतें, परंतु बाजूस बसणाराला चित्र फिकें पडलेलें दिसतें. ज्या घरांत आठ माणसें दिवाणखान्यांत तीन बाजूंना बसतात, तेथें अंगणांतल्या त्या म्हातारीची आठवण ठेवून पहिली जात घेणें बरें. दिवा मालवून दोघेंच रात्रीं चित्रपट पाहात असतील, तर दुसरी. आणि कारखान्यांतील रात्रपाळी करून आलेला मनुष्य दुपारीं खिडकीच्या उजेडांत पाहतो, त्यास गडद काळ्याचा लाभ मिळतच नाहीं. त्यानें पडद्याचा उजेड किती आणि त्यांत खिडकीचें प्रतिबिंब किती पडतें, एवढेंच पाहावें.

खोक्यावर ही जात बहुधा छापलेली नसते. दुकानदारास फीत बंद करावयास सांगून साधी वाहिनी लावून घ्यावी, उजेड घरच्याइतका कमी करवावा, आणि चार पावलें बाजूस जाऊन उभें राहावें. रात्रीचा प्रसंग पडद्यावर असेल तर मिनिटभरांत जात ओळखूं येते.