राज्य नसलेला राज्यप्रमुख

चिंचवडचे चाफेकर बंधू १८९८-९९ मध्ये एकामागून एक फासावर गेले. चाकणच्या पलीकडील खेडचे राजगुरू २३ मार्च १९३१ रोजी गेले. आज कारखान्यांनी गजबजलेल्या या पट्ट्याला अशा आत्माहुतीचा वारसा आहे. मात्र रँडसाहेबास मारल्याने इंग्रजी सत्तेचा एक अधिकारी गेला, सत्ता गेली नाही. तिच्या जागी बसविण्यास दुसरी सत्ताच सिद्ध नव्हती. ती सिद्ध करण्याचा धाडसी प्रयोग पुढे सातारा जिल्ह्यात झाला, व त्याचे धुरीणत्व नाना रामचंद्र पाटील यांच्याकडे आले.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा; गाव वाळवे तालुक्यातील येडे मच्छिंद्र. ते तलाठी होते, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या पुढील पराक्रमाइतकीच महत्त्वाची वाटते. सातबारा, वहिवाट, गहाणखत, सावकाराचे व्याज यांत खेड्याचे सारे सुखदुःख गुंतलेले असते, आणि ते तलाठ्यास ठाऊक असते. १९३० साली त्यांनी नोकरी सोडली व ते कायदेभंगात उतरले. सत्यशोधकी संस्कार आणि रांगडी, विनोदी वाणी यांमुळे त्यांची भाषणे शेतकऱ्यांस घरच्यासारखी वाटत.

१९४२ च्या ऑगस्टनंतर नाना भूमिगत झाले. १९४३ पासून प्रतिसरकार उभे राहिले. त्याची शस्त्रधारी बाजू जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी आदी तरुणांनी सांभाळली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीस आगगाडी लुटली गेली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याकडे सरकारी खजिना हस्तगत झाला. अशा प्रसंगांचीच वर्णने लोक आवडीने ऐकतात. आम्हांस मात्र गावोगावची न्यायदान मंडळे अधिक मोलाची वाटतात. जमिनीचे तंटे, कर्जाचे दावे व स्त्रियांवरील अत्याचार यांचा निवाडा तेथे चावडीजवळच होई. वकिलाची फी नाही, तारखांवर तारखा नाहीत. नानांनी पुरस्कारलेले अल्पखर्ची विवाह हेही त्याच राज्यकारभाराचे अंग होय.

गुन्हेगारांच्या तळपायांवर मार देण्याची शिक्षाही तेथे होती, आणि लोकांच्या तोंडी 'प्रति'चे 'पत्री' झाले, त्या नावाशी हीच शिक्षा जोडली गेली. ती आम्हांस समर्थनीय वाटत नाही. जेथे अपील नाही, तेथे निरपराधी मनुष्यही मार खातो. तथापि ज्या सरकारास तुरुंग नाही, त्याने गावगुंडास कसे आवरावे, हा प्रश्न घरात बसून सोडविणे सोपे आहे!

१९४४ साली गांधीजींनी भूमिगतांस प्रकट होण्यास सांगितले, तरी साताऱ्यातील बहुतेक कार्यकर्ते १९४६ पर्यंत प्रकट झाले नाहीत. नानांची मालमत्ता जप्त झाली होती, त्यांस पकडून देणाऱ्यास बक्षीस होते. पण त्यांस दडविणाऱ्या शेकडो घरांपैकी कोणी ते मागितले नाही. मोहोर व नाणे नसलेल्या या राज्यप्रमुखाचा कोश तो हाच.

स्वातंत्र्यानंतर सत्तेचा वाटा त्यांनी मागितला नाही. ते शेतकरी कामगार पक्षात, नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले. लोकसभेत ते १९५७ साली उत्तर साताऱ्यातून व १९६७ साली बीडमधून निवडून आले, आणि दोन्ही वेळा विरोधी बाकांवर बसले. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.