गुरुवारची बैठक

धारवाडच्या सुभाष रोडवर, लक्ष्मी भवनात, मनोहर ग्रंथमालेचा ‘अट्ट’ आहे. कन्नडमध्ये अट्ट म्हणजे माळा. जी. बी. जोशींनी १९३३ साली ही प्रकाशनसंस्था काढली आणि बेंद्र्यांपासून कुर्तकोटी-कार्नाडांपर्यंत कितीतरी जण या माळ्यावर गप्पांना बसले. अर्धं आधुनिक कन्नड साहित्य हा जिना चढलं-उतरलं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

ही वाटचाल मात्र ग्रंथमालेची नाही. तिच्याहून वर्षानं धाकट्या आणि पुष्कळ कमी गाजलेल्या मुंबईच्या एका संस्थेची आहे. तिचा एक धागा सुभाष रोडपर्यंत येतो, तो रेडिओतून. धारवाडचं आकाशवाणी केंद्र ८ जानेवारी १९५० ला सुरू झालं. पहाटे केंद्र उघडताना तंबोऱ्यावर व्हायोलिनची जी धून वाजायची, शिवरंजनीच्या अंगानं जाणारी, ती १९३६ ची. रचनाकार वॉल्टर कॉफमन. या गावात शिवरंजनीचे सूर ओळखणारे गल्लोगल्ली भेटतील, पण ती धून एका निर्वासित ज्यू माणसानं बांधली हे आम्हालाही उशिरानंच कळलं.

कॉफमन यांचा जन्म १९०७ चा, कार्ल्सबादचा. शिक्षण बर्लिन आणि प्राग इथं. प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी माहलरवर प्रबंध लिहिला. पण आपले प्राध्यापक नाझी चळवळीत आहेत हे कळल्यावर पदवीच नाकारली. १९३४ च्या सुरुवातीला ते मुंबईत उतरले. हिंदुस्थानचा व्हिसा सहज मिळत होता, हे एक कारण. दुसरं जास्त मजेशीर आहे. आपल्याकडच्या संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्यांनी ऐकल्या होत्या आणि त्यातलं काहीही कळलं नव्हतं. ज्यावर कोट्यवधी लोक प्रेम करतात ते मला कळत नसेल, तर उणीव माझ्यात आहे, असा हिशेब करून हा गृहस्थ बोटीत बसला. असा हिशेब करणारा परदेशी त्या काळात विरळाच. आजही फार नाहीत.

आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. चेंबर म्हणजे खोली. तीन-चार, फार तर सात-आठ वादक, कंडक्टर नाही, प्रत्येकाचा स्वर उघडा. ज्यांनी मल्लिकार्जुन मन्सूर किंवा बसवराज राजगुरू यांना हातभर अंतरावरून ऐकलं आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एडिजिओ वेर्गा. जागा विलिंग्डन जिमखाना, वार गुरुवार. आपल्याकडे गुरुवार दत्ताचा. त्या मंडळींनी तो सोनाटा-चौकड्यांना (चौकडी म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट, चार तंतुवाद्यांची रचना) दिला.

मे १९३७ पर्यंत सोसायटीचे १३६ कार्यक्रम झाले. तीन वर्षांत गुरुवार येतात दीडशेच्या आसपास; म्हणजे पावसाळा, सणवार, आजारपणं धरूनही बैठक फारशी चुकली नाही. ज्यानं गावात एखादं संगीत मंडळ चालवलं आहे, त्याला विचारा हे म्हणजे काय असतं. हॉल, पियानोचं ट्यूनिंग, वादकांची मनं सांभाळणं, आणि श्रोते कमी आले तरी सतरंजी तेवढीच अंथरणं.

त्याच १९३७ मध्ये कॉफमन रेडिओत युरोपीय संगीताचे प्रमुख झाले. मेहलींनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही काढलं. कॉफमन लिहितही होते. त्यांच्या चौकड्यांचा आकडा अकरापर्यंत गेला आणि त्यांत आपले राग शिरू लागले. नुसती फोडणी म्हणून नव्हे. स्वर टाकण्याची चालच बदललेली ऐकू येते.

युद्ध लागल्यावर ब्रिटिश सरकारनं जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना ‘शत्रू’ ठरवून नगरच्या छावणीत कोंडलं. हिटलरपासून पळून आलेले ज्यूसुद्धा त्यात सापडले. काहींना पुढं पुरंदर किल्ल्यावर नजरकैदेत ठेवलं. कॉफमन मात्र आपल्या रेडिओत काम करत राहिले.

त्यांची पत्नी गेर्टी ही कथाकार काफ्काची सख्खी भाची, थोरल्या बहिणीची, एलीची मुलगी. एलीला नाझींनी १९४१ मध्ये लॉज्‌च्या घेट्टोत पाठवलं. ती परतली नाही. धाकटी मावशी ओटला १९४२ मध्ये प्रागजवळच्या तेरेझीनला गेली.

तेरेझीन हे अठराव्या शतकातलं गढीचं गाव, जेमतेम सात हजार वस्तीचं. नाझींनी त्याचा ज्यूंसाठी घेट्टो केला. सप्टेंबर १९४२ मध्ये तिथं ५८ हजारांवर कैदी होते, त्यांत संगीतकारही. सुरुवातीला वाद्यांना बंदी, म्हणून ती चोरून आणलेली. संगीताच्या पहिल्या बैठका तळघरांत आणि बराकींच्या माळ्यांवर झाल्या. होय, माळ्यांवर. पुढं नाझींनी जगाला दाखवण्यासाठी परवानगी दिली आणि संगीताला कार्यालयच मिळालं. संगीतकार व्हिक्टर उलमान यांनी तिथं १९४३ मध्ये तिसरी चौकडी लिहिली, वर कार्यक्रमांची २६ परीक्षणंही लिहिली. मरणाच्या दारात बसून कुणाचा मध्यलयीतला तोल ढळला याची चिकित्सा! मला त्या संगीतापेक्षाही या परीक्षणांचा धाक वाटतो. हान्स क्रासा यांचं मुलांचं संगीतनाटक ‘ब्रुंडिबार’ २३ सप्टेंबर १९४३ ला झालं, तेव्हा ओटला त्याच गावात होती. बारा दिवसांनी ती मुलांच्या एका तुकडीसोबत ऑशवित्झला गेली.

तिथलाच आणखी एक संगीतकार गिडेऑन क्लाइन चोवीस वर्षांचा होता. व्हायोलिन, व्हियोला आणि चेलो यांच्यासाठीची त्याची त्रयी ७ ऑक्टोबर १९४४ ला पुरी झाली. मधल्या भागात एका मोरावियन लोकगीतावर बढत आहे. नऊ दिवसांनी उलमान, क्रासा, पावेल हास आणि क्लाइन हे चौघे संगीतकार एकाच गाडीनं ऑशवित्झला रवाना झाले. हस्तलिखितं मागं ठेवलेली म्हणून वाचली. क्लाइनची बहीण एलिश्का छळछावणीतून जिवंत परतली आणि आयुष्यभर भावाच्या वह्या सांभाळत राहिली.

मुंबईची मंडळीही पांगली. कॉफमन १९४६ मध्ये लंडनला, तिथून कॅनडाला, विनिपेगच्या ऑर्केस्ट्राकडे आणि १९५७ मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात गेले. तिथं त्यांनी उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानी रागांवर दोन जाडजूड ग्रंथ लिहिले. म्हणजे बोटीत बसताना केलेला हिशेब त्यांनी पुरा चुकता केला. १९८४ मध्ये ते वारले. मेहली १९५५ मध्ये मँचेस्टरला निघून गेले.

चौकड्यांच्या वह्या पडून होत्या. टोरांटोच्या एआरसी एन्सेंबलनं ध्वनिमुद्रित केलेलं कॉफमन यांचं चेंबर संगीत २०२० मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात सातवी आणि अकरावी चौकडी आहे. वाजवायला चार माणसं लागतात. क्लाइनच्या रचनेला तीन. सुभाष रोडच्या माळ्यावर तेवढ्या खुर्च्या सहज मावतील. चेलो जिन्यावरून न्यायला तेवढा कुणीतरी हात द्यायला हवा.